देवरे सरांचा गार चहा

आमच्या विद्यापीठाच्या सभा दालनात कोणाचा चहा तसाच राहिला, वर साय धरली, की अजूनही कोणीतरी म्हणतं, "काय हो, देवरे सर झालात का?" नव्या लोकांना यातलं काही कळत नाही. ते ओशाळून घाईघाईनं कप तोंडाला लावतात. आम्ही जुने एकमेकांकडे बघून हसतो. हसून झाल्यावर माझं मात्र थोडा वेळ कामात लक्ष लागत नाही.

प्रा. दत्तात्रय देवरे भौतिकशास्त्राचे. मूळचे नामपूरचे. उंच, किंचित वाकलेले, पांढरा हाफ शर्ट आणि उन्हाळ्यात कॉलरच्या आत घडी घालून ठेवलेला रुमाल. मी सभा विभागात अधीक्षक, म्हणजे बैठक कोणतीही असो, टेबलाच्या टोकाला बसून इतिवृत्त लिहायचं हे माझं काम. त्यामुळे माणसं बोलताना कमी आणि ऐकताना जास्त बघायची मला सवय लागली. देवरे सरांसारखं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. समोरच्याचं कौतुक चाललं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायला लागायच्या.

सर हेवेखोर होते. हे मी त्यांच्या माघारी लिहितेय म्हणून कोणी मला बोल लावू नये, कारण ते स्वतःच जगाला सांगत सुटायचे. एखाद्या प्राध्यापकाचा लेख छापून आला की सर त्याच्या खोलीत जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "तुमचा मला फार राग आलाय. लेख भलताच चांगला झालाय." एवढंच बोलून निघून जायचे. ज्याला हे ऐकायला मिळायचं तो पुढचे काही दिवस हवेत असायचा. आणि ज्याच्याकडे सर फिरकायचे नाहीत, तो चहाच्या टपरीवर कुरकुरत बसायचा, की बाबा, माझ्या लेखात एवढं काय वाईट होतं?

त्यांच्या हेव्याला लहानमोठं काही कळायचं नाही. मिसळ खायला गेलं तर शेजारच्या टेबलावर तर्री जास्त आली म्हणून ते रुसायचे. गंगापूर रोडला त्यांच्या शेजाऱ्याचा मोगरा जास्त फुलायचा, म्हणून सकाळी फिरायला ते उलट्या बाजूनं जायचे. एकदा मूतखड्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा आम्ही ऑफिसमधले चार जण भेटायला गेलो. सर तोंड पाडून पडलेले. मी घाबरून विचारलं, "सर, फार दुखतंय का?"

"दुखत नाही हो," सर म्हणाले आणि डोळ्यांनी पलीकडची खाट दाखवली. "त्याचा खडा माझ्याहून मोठा निघाला. डॉक्टर कालपासून सगळ्यांना बोलावून दाखवताहेत. माझा एका नर्सनं पाहिला, तोही जाता जाता."

पलीकडच्या खाटेवरचे वणीचे एक काका हे ऐकून इतके हसले की त्यांच्या टाक्यांना ओढ बसली. तिथून पुढे दोघं मित्र झाले. दरवर्षी वणीहून सरांकडे द्राक्षांची पेटी यायची, आणि दरवर्षी सर म्हणायचे, "बघा, द्राक्षंसुद्धा त्याचीच गोड."

मलाही त्यांनी एकदा सुधारलं. माझ्यानंतर लागलेली माझी मैत्रीण माझ्याआधी उपकुलसचिव झाली, तेव्हा मी तोंडावर अभिनंदन केलं आणि दोन महिने जेवणाच्या सुट्टीत तिच्याबरोबर डबा खायचं टाळलं. सरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "जाधवबाई, हेवा वाटतोय ना?" ते म्हणाले. "मग जाऊन सांगा की तिला. पोटात ठेवला की आम्लपित्त होतं. बोलून टाकला की कौतुक होतं." मी धीर करून सांगितलं. मैत्रीण रडायलाच लागली. म्हणाली, "सगळे गोड बोलतात गं, मला वाटत होतं मी लायकच नाही." आम्ही पुन्हा एकत्र डबा खायला लागलो. हेवा अजून थोडा आहे, नाही असं नाही.

आता चहाचं सांगते. मानद पदवी म्हणजे काय भानगड असते हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, कुलगुरूंच्या मनात आलं आणि दिली. तसं नसतं. कोणीतरी नाव सुचवतं, ते एका लहानशा समितीपुढे येतं. समितीनं होकार दिला की विद्या परिषद, मग व्यवस्थापन परिषद, मग राजभवन. कुलपतींची मान्यता आली की त्या माणसाला पत्र जातं, की आम्ही आपल्याला अशी पदवी देऊ इच्छितो, आपली संमती आहे ना? तोपर्यंत त्याला स्वतःला काही माहीत असता कामा नये, निदान कागदोपत्री. आमच्याकडे आणखी एक कडक नियम होता. मान्यता येण्याआधी उमेदवाराच्या बाजूनं गवगवा झाला तर नाव मागे घ्यायचं. आणि समितीतल्याच कोणी नाव फोडलं तर त्यानं समिती सोडायची, वर त्याच्या स्वतःच्या नावाचा पुढे कधीही विचार व्हायचा नाही. हा नियम देवरे सरांनीच लिहून दिला होता.

सर त्या समितीवर वर्षानुवर्षं होते. आलेल्या नावाची माहिती वाचली जायची, आणि त्याच सुमारास चहा यायचा. सर चहाबाज माणूस, कप आला की तोंडाला. पण माहिती ऐकता ऐकता माणूस खरोखर मोठा आहे असं दिसायला लागलं, की सरांचा हात कपाशी जाऊन थांबायचा. आठ्या पडायच्या. कप तसाच राहायचा आणि चहावर साय धरायची. आमचे कुलगुरू मोठे हुशार. त्यांनी हे हेरलं होतं. चर्चा लांबली की ते फायलीकडे न बघता सरांच्या कपाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चहा गार झालेला दिसतोय. नाव पुढे पाठवू या."

एकदा एका बड्या संस्थाचालकाचं नाव आलं. गृहस्थांच्या कॉलेजांची यादीच इतकी लांब होती की वाचणाऱ्याचा घसा सुकला. बाहेरून फोनही बरेच आले होते, त्यामुळे सगळे जपून बोलत होते. देवरे सरांनी पहिला कप संपवला, दुसरा मागवला, बिस्किटं बुडवून बुडवून खाल्ली. कुलगुरूंनी विचारलं, "सर, आपलं मत?"

"यांचा मला काडीचाही हेवा वाटत नाही," सर तोंड पुसत म्हणाले. "आणि ज्याचा हेवा वाटत नाही त्याला पदवी कशाला द्यायची?"

आता हे इतिवृत्तात कसं लिहायचं? मी 'समितीने सखोल विचारविनिमय केला' असं लिहिलं. नाव तिथंच राहिलं.

सगळ्यांच्या कौतुकानं जळणाऱ्या या माणसाला स्वतःला काय हवं होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दीक्षांत समारंभाला पाहुण्यांच्या खांद्यावर तो लाल-सोनेरी झगा चढायचा, तेव्हा सर नजर हटवायचे नाहीत. समितीवर असेपर्यंत त्यांचं नाव येणं शक्य नव्हतं. पण त्यांची मुदत पुढच्या वर्षी संपणार होती, आणि कुलगुरू माझ्यासमोर त्यांना म्हणाले होते, "सर, एकदा समितीतून मोकळे व्हा. मग तुमचं नाव मी स्वतः मांडणार आहे." सरांनी त्या दिवशी उगाचच माझ्या टेबलावरची पुस्तकं सरळ करून ठेवली.

त्याच वर्षी पोपटराव अहिरेंचं नाव आलं.

पोपटराव नामपूरचेच, सरांचे शाळेपासूनचे सोबती. शाळेत पोपट पहिला आणि दत्तू दुसरा, हे सर आम्हाला अजून कालचं असल्यासारखं सांगायचे. पोपटराव ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला लागले, बरी चाललेली नोकरी सोडून गावी परतले आणि कांद्याच्या चाळी बांधायला लागले. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक जाळीदार खोली. पावसाळ्यात त्यात कांदा सडतो आणि वर्षाची मेहनत उकिरड्यावर जाते. पोपटरावांनी तळाशी आणि मध्यभागी हवा खेळेल अशी काही रचना केली की सड पुष्कळ कमी झाली. तिकडे बागलाण भागात लोक तिला 'पोपट चाळ' म्हणतात. पोपटरावांनी ती कोणालाही फुकट शिकवली.

गंमत अशी, की देवरे सरांची पीएच.डी. याच विषयावर होती. ढिगातून हवा कशी वाहते, यावर. पोपटराव पूर्वी महिन्यातून एकदा सरांच्या खोलीत येऊन बसायचे, सर फळ्यावर बाण काढून समजावायचे. दोघं अहिराणीत असे कडाकडा भांडायचे की बाहेर शिपायाला वाटायचं, आता मारामारी होते. प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडला. चाळी गावोगाव उभ्या राहिल्या.

समितीत माहिती वाचून झाली. चहा आला. आम्ही सगळे कपाकडे बघायला लागलो. सरांनी कपाला हातसुद्धा लावला नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, यांना घरी पाठवावं.

एक सदस्य हळूच म्हणाले, "सर, मूळ अभ्यास तर तुमचा. श्रेय तुम्हालाही मिळायला हवं. तशी नोंद करू या का?"

तेवढी नोंद झाली असती तर पोपटरावांचं नाव अर्धं झालं असतं, आणि सरांचं पुढच्या वर्षीचं काम सोपं. मी पेन धरून बसले होते.

"हवा माझ्या प्रबंधात होती," सर शेवटी म्हणाले. "मी जन्मभर ती मोजत बसलो, एक कांदा वाचवला नाही. पाठवा नाव पुढे." मग चिडून म्हणाले, "आणि तो चहा उचला कोणीतरी समोरून."

नाव दोन्ही परिषदांतून गेलं आणि राजभवनात जाऊन बसलं. आम्ही मान्यतेची वाट बघत होतो. तेवढ्यात एका सकाळी कुलगुरूंच्या मोबाइलवर एक फोटो आला. नामपूरच्या चौकात भला मोठा फ्लेक्स. मधोमध पोपटराव हात जोडून, वर 'मानद डॉक्टरेट पदवी मिळाल्याबद्दल आपल्या सर्वांचे लाडके डॉ. पोपटराव अहिरे यांचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे दाटीवाटीनं. मान्यतेचा पत्ता नाही, आणि गावानं डॉक्टर करूनसुद्धा टाकलं.

दुपारी समितीची तातडीची बैठक. कुलगुरू संतापलेले. एक जण म्हणाले, हे काम खुद्द पोपटरावांचंच, अशी माणसं दिसतात साधी. दुसऱ्यांनी नियम वाचून दाखवला, की गवगवा झाला तर नाव मागे. आणि मला दिसत होतं, दोघंतिघं चोरून देवरे सरांकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते सांगायला नको. नाव पाडायचं असेल तर हा उपाय रामबाण होता, आणि नियम सरांच्याच हातचा. सर नुसते गप्प राहिले असते तरी पोपटरावांचं नाव त्या दिवशी संपलं असतं.

सरांनी खिशातून चष्मा काढला, कुलगुरूंचा मोबाइल मागून घेतला आणि फोटो मोठा करून बघितला.

"हा खाली उजवीकडे गॉगलवाला पोरगा आहे ना," ते म्हणाले, "तो माझा पुतण्या. पोपटचा यात काही संबंध नाही. नाव मी फोडलं."

सर लगेच पुढे सांगायला लागले. रविवारी पुतणीच्या साखरपुड्याला ते नामपूरला गेले होते. पंगतीत जो तो पोपटच्या चाळीचं गुणगान करत होता. "मी भडकलो," सर म्हणाले. "मी म्हटलं, आता तर आमचं विद्यापीठ त्याला डॉक्टर करायला निघालंय, अजून किती डोक्यावर घ्याल त्याला! मी रागानं बोललो. पोरांना आनंद झाला. त्यांनी फ्लेक्स लावला."

"सर," ते दुसरे सदस्य म्हणाले, "स्पष्ट विचारतो, राग मानू नका. त्याचं नाव पडावं म्हणून तर बोलला नाहीत?"

सरांनी खरंच विचार केला. मी त्यांच्याकडे बघत होते, उत्तर शोधताना त्यांचे ओठ हलत होते. "तसं सुचलं असतं तर बोललोही असतो कदाचित," ते म्हणाले. "सुचलं नाही."

कुलगुरूंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सर, याचा अर्थ काय होतो, तुम्हाला माहीत आहे ना? तुमच्या स्वतःच्या बाबतीत?"

"माहीत आहे. नियम मीच लिहिलाय." सर उठले. दाराशी गेल्यावर वळले आणि म्हणाले, "आणि एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर माझा फोटो कुठेच नाही, हे पाहिलंत ना? सख्ख्या पुतण्यानं लावलाय."

गळती समितीतून झाली, उमेदवाराकडून नाही, असं ठरलं आणि पोपटरावांचं नाव कायम राहिलं. सरांचा राजीनामा मी इतिवृत्तात एका ओळीत लिहिला. आजवर लिहिलेल्या ओळींमध्ये तीच लिहिताना मला सर्वांत जास्त त्रास झाला.

यथावकाश मान्यता आली, दीक्षांत समारंभ झाला. नामपूरहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. सर व्यासपीठावर नव्हते, पुढच्या मानाच्या खुर्च्यांतही नव्हते. गावकऱ्यांच्या घोळक्यात, गॉगलवाल्या पुतण्याच्या शेजारी बसले होते. पोपटरावांच्या खांद्यावर झगा चढला, गौरवपत्राचं वाचन झालं, मंडपात शिट्ट्या सुरू झाल्या. मी व्यासपीठाच्या कडेनं सरांना बघत होते. ते शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते, आणि आठ्या कपाळभर.

समारंभानंतर मंडपामागे चहा होता. झगे भांडारात परत जमा करायचे असतात आणि ते काम माझ्याकडे. पोपटराव घामाघूम झाले होते. त्यांनी झगा काढला, समोर दिसलेल्या सरांच्या हातावर टाकला, "धर रे जरा," म्हणाले, आणि लोक त्यांना फोटोसाठी ओढून घेऊन गेले. सर एका हातावर झगा आणि दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन उभे राहिले. चहावर जाड साय आली होती.

मी झगा घ्यायला पुढे गेले. सर म्हणाले, "थांबा हो जाधवबाई, ओला आहे घामानं. वाळू द्या थोडा." मी थांबले. त्यांनी झग्याची सोनेरी किनार अंगठ्यानं हळूच सरळ केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंगाला लावून पाहिला नाही हां मी. कोणी विचारलं तर सांगा."

तेवढ्यात पोपटराव फोटोवाल्यांच्या तावडीतून सुटून परत आले. सरांसमोर उभे राहिले. सर म्हणाले, "पोपट, माले तुना भलता हेवा वाटी ऱ्हायना."

"माले माहीत शे," पोपटराव म्हणाले. त्यांनी सरांच्या हातातला कप काढून घेतला. "दे आठे. शाळामा व्हतूत तवयपासून तुना गार च्या मीच पी ऱ्हायनू." आणि साय बाजूला न करता तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.

सरांनी रिकाम्या कपात डोकावून पाहिलं. मग झग्याची नीट घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला.

"बघा जाधवबाई," ते म्हणाले, "तेवढाही ठेवला नाही माझ्यासाठी."

पोपटरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं टेम्पोकडे चालायला लागले. टेम्पोत पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून त्यांचं अहिराणीत भांडण सुरू झालेलं मला ऐकू येत होतं. सर त्यानंतर नामपूरलाच राहायला गेले आणि दुसऱ्या वर्षी तिथंच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या टेम्पोत. पुढची सीट पोपटरावांनी त्यांना दिली होती, आणि सर खिडकीतून मान बाहेर काढून, मागे कोणाला जास्त जागा मिळालीय ते बघत होते.